दोन सोळा

टिटवीला टिटवी हे नाव बाबांनी ठेवलं होतं, आणि ते किती चपखल बसलंय हे पटायला तिच्याबरोबर एकदा जिना चढणं पुरेसं होतं. तीन मजल्यांत ती वर्गातली भांडणं, भूगोलाच्या बाईंचा नवा चष्मा, तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या मांजरीचं बाळंतपण, सगळं सांगून मोकळी व्हायची. वर पोचल्यावर तिला धापही लागलेली नसायची. धाप ऐकणाऱ्याला लागायची.

घराची पुढची खोली म्हणजेच ऑफिस. टेबलाखाली वायरींची भेंडोळी, खिडकीत टांगलेले टॉवरवर चढायचे पट्टे आणि भिंतीवर एक मोठा स्क्रीन. त्या स्क्रीनवर बाबांचं अख्खं राज्य होतं: सोळा ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या हिरव्या रेघा. एकेक ठिपका म्हणजे कुठल्या तरी उंच जागी खांबाला बांधलेला राउटर. बाबा त्याला साधं 'डबा' म्हणायचे. या डब्यावरून त्या डब्यावर असं हवेतूनच उड्या मारत इंटरनेट जायचं आणि शेवटी कुणाच्या तरी घरी सिनेमा लागायचा. नाही लागला की ऑफिसातला फोन वाजायचा.

"हेडमास्तर बोलतोय. तुमचं इंटरनेट आज गैरहजर आहे."

हे निवृत्त हेडमास्तर रोजचेच. "सर, प्लग लावलाय का बघता जरा?" टिटवी विचारायची.

पलीकडे खुर्ची सरकायची. मग खट् असा आवाज. "ठीक आहे. यापुढे असं होता कामा नये," असं तिलाच दरडावून फोन ठेवला जायचा.

डब्यांची विद्या बाबांनी तिला लहानपणापासून शिकवली होती, आणि तीही कशी, तर गोष्टीसारखी. "हे डबे ना, तुझ्यासारखेच आहेत," ते म्हणायचे. "गप्प बसवत नाही त्यांना. दर दहा सेकंदांनी शेजारच्याला हाक मारतात, मी आहे, मी आहे. शेजारी ओ देतो. ओ मिळतेय तोवर वाट चालू."

"आणि नाही मिळाली तर?"

"लागोपाठ चार हाका फुकट गेल्या की शेजारी गेला असं धरायचं, दुसऱ्या वाटेनं जायचं. कुणाला विचारायचं नाही, रडायचं नाही. आपलं आपण ठरवतात ते. म्हणून तर मी रात्री झोपू शकतो."

आणखी एक गोष्ट त्यांनी तिला बजावून सांगितली होती. प्रत्येक डब्याला स्वतःचा एक नंबर असतो. तीच त्याची ओळख. दोन माणसांचं नाव एक असलं तर चालतं, दोन डब्यांचा नंबर एक असून चालत नाही.

सोळा नंबर टिटवीचा होता. पाण्याच्या उंच टाकीवरचा तो डबा तिनं स्वतः भरला होता, म्हणजे त्यात काय काय लिहायचं ते सगळं तिनं लिहिलं होतं, सोळावं लागलं त्याच आठवड्यात. शिडीदादानं, म्हणजे टॉवरवर चढणाऱ्या बाबांच्या माणसानं, तो वर नेऊन बांधला. त्याच्या वायरी जोडताना तापलेली सोल्डरिंग गन लागून तिच्या उजव्या मनगटावर चंद्रकोरीसारखा डाग पडला होता. आई हळहळली. टिटवी मात्र तो डाग बक्षीस मिळाल्यासारखी मिरवत सुटली. पुढचा डबा टेकडीवरचा, सगळ्यांत मोठा. शहरातली निम्मी वाट त्याच्यावरून जाणार होती. "टेकडी तुझी," बाबा म्हणाले होते. "सुट्टी लागू दे."

सुट्टी लागली आणि मामेबहीण आली.

मामाची बदली कुठेतरी लांब झाली होती. तिथलं बस्तान बसेपर्यंत पोरीनं आत्याकडे राहायचं ठरलं. टिटवीहून चार महिन्यांनी लहान, अंगानं तशीच, केस तेवढेच. बॅग छातीशी धरून ती दारात उभी राहिली. आईनं हातातलं काम टाकलं आणि म्हणाली, "ये ना बाळ, अशी परक्यासारखी दारात काय उभी?"

बाळ! टिटवीला आई 'घोडे' म्हणायची.

मुलगी इतकी हळू बोलायची की ऐकायला सगळ्यांना वाकावं लागायचं. सगळे वाकायचेही. टिटवीनं मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं गोगलगाय. गोगलगाय अन् पोटात पाय, पुढचं पण तिनं लगेच जोडून टाकलं. मग खिडकीजवळचा पलंग गोगलगाईला, कारण तिला मोकळी हवा लागते. निळा मग गोगलगाईला, कारण तिनं तो सहज उचलला आणि टिटवीला 'माझाय' म्हणायची लाज वाटली. "तुझं ते तिचं समज," आईनं सांगून ठेवलं होतं. "तेवढंच तिला घरच्यासारखं वाटेल."

इथवर टिटवीनं दातओठ खाऊन सोसलं. पण गोगलगाय एके दिवशी स्क्रीनपुढे उभी राहिली आणि त्या बारीक आवाजात म्हणाली, "काका, ही वाट लांबची असून सगळे हिच्यानंच का जातात?" बाबांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर तो उजेड आला. टिटवीला तो उजेड ओळखीचा होता. आजवर तो फक्त तिच्याच प्रश्नांना यायचा.

आठवड्याभरानं जेवताना बाबा म्हणाले, "टेकडी हिला करू दे. हात बसेल. टिटवे, तू बॅकअप दे तिला तुझ्या टाकीचा."

टिटवीनं भांडं उचललं. पाणी प्यायली. "देते की," ती म्हणाली. घरातल्या कुणालाच जाणवलं नाही की त्यानंतर जेवण संपेपर्यंत टिटवी एक शब्दही बोलली नव्हती.

आता बॅकअप म्हणजे काय, तर डब्याच्या पोटात जे जे लिहिलंय त्याची नक्कल. नवा डबा पहिल्यापासून भरत बसण्यापेक्षा चालू डब्याची नक्कल त्यात उतरवायची आणि वेगळं असेल तेवढं बदलायचं. सगळ्यांत आधी बदलायचा तो नंबर. सोळाचा सतरा करायचा, नावही बदलायचं. हे टिटवी झोपेतसुद्धा विसरली नसती.

गोगलगाय तिच्याशेजारी बसून बघत होती. "ताई, नंबर बदलायचा असतो ना?"

"केलाय मी," टिटवी म्हणाली. "तू नको डोकं शिणवूस."

तिनं केला नव्हता. तिचा बेत साधा होता. टेकडी चालू होईल, गोंधळ उडेल, एक-दोन तास सगळ्यांच्या नाकी नऊ येतील, गोगलगाईचं तोंड एवढंसं होईल. आणि मग टिटवी येऊन एका मिनिटात चूक शोधून काढेल. बाबांच्या चेहऱ्यावर तो उजेड येईल. बस्स. एवढंच हवं होतं तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवरचा डबा चालू झाला आणि साडेदहाला फोन वाजायला लागले.

स्क्रीनवरच्या रेघा हिरव्या, लाल, पुन्हा हिरव्या होत होत्या. टाकीकडून जाणारी वाट अचानक टेकडीकडे वळायची, टेकडीची टाकीकडे. दाताच्या डॉक्टरीणबाई चिडल्या. शिंपीणबाई जिन्यातूनच ओरडल्या. हेडमास्तर म्हणाले, "आज हजेरीपटावर दोनदा नाव दिसतंय आणि मूल एकदाही नाही." बाबा आणि शिडीदादा एकेका गच्चीवर धावले. वारा असेल, अँटेना हलली असेल, वायर सैल असेल. "बॅकअपमध्ये काही नाही ना?" शिडीदादानं ऑफिसातून निघता निघता विचारलं.

"टिटवीनं दिलाय तो," बाबा म्हणाले. "तिथे चूक नसते."

हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही.

ती एकटी स्क्रीनपुढे बसली आणि लॉग वाचायला लागली, म्हणजे डबे एकमेकांत काय बोलतात त्याची नोंद. तिथे भांडण चाललं होतं. टाकी सगळ्यांना ओरडून सांगत होती: मी सोळा, माझे शेजारी हे. टेकडी त्याहून चढ्या आवाजात: खोटं, मी सोळा, माझे शेजारी हे. पुन्हा टाकी. पुन्हा टेकडी. आणि बाकीचे डबे बिचारे, शेवटी जो बोलला तो खरा असं धरून चालणारे.

यातलं काहीच गूढ नव्हतं. हे असंच होणार हे तिला ठाऊक होतं. तिनं हसून पाहिलं. हसू नीट जमलं नाही.

"अगं, अशी कशी पोचलीस एवढ्यात?" शिडीदादा दारात उभा होता, घामानं निथळत.

"कुठे?"

"इथे! आत्ता टेकडीवर पाना धरून देत होतीस की मला. तोंड एक मिनिट बंद नव्हतं तुझं. मांजरीची पिल्लं काय, भूगोलाच्या बाई काय."

"ती ती असेल. मामेबहीण."

शिडीदादा हसला. "ती कधीपासून एवढी बोलायला लागली?" पण पाणी पिताना तो तिच्याकडे ग्लासाच्या कडेवरून बघत राहिला.

दुपारी आईनं चहा दिला. टिटवीनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. चहा गोड होता. टिटवी बिनसाखरेचा पिते हे घरातल्या भिंतींनाही माहीत होतं.

"आई, साखर!"

"दोनच घातलेत, बाळ," आई म्हणाली आणि आत गेली.

बाळ.

हवा तोच लाड शेवटी वाट्याला आला होता, आणि टिटवीनं कप लांब सरकवला.

बाबांना फोन करावा म्हणून तिनं आपला मोबाइल उचलला. बोट ठेवलं. उघडला नाही. बोट पुसून पुन्हा ठेवलं. नाही. तेवढ्यात टेकडीवरून परतलेली गोगलगाय आत आली, उन्हानं लाल झालेली, केस विस्कटलेले. "काय झालं गं?" असं म्हणत तिनं सहज मोबाइल हातात घेतला. बोट ठेवलं आणि तो उघडला.

दोघी मोबाइलकडे बघत राहिल्या.

गोगलगाईच्या उजव्या मनगटावर एक गुलाबी चंद्रकोर होती. ताजी. कडेनं कातडी नुकतीच आवळायला लागलेली.

"भाजलं कुठे?" टिटवीनं विचारलं.

"माहीत नाही," गोगलगाय म्हणाली. तिचा आवाज चांगला मोठा येत होता, आणि त्याला तीच घाबरल्यासारखी दिसत होती. "ताई, सगळे मला टिटवी म्हणतायत. डॉक्टरीणबाई, शिडीदादा, काकासुद्धा. मी एकदा सांगितलं, मी ती नाही. काका हसले. आणि नंतर मी काहीतरी बोलत सुटले, थांबताच येईना. मला तर भूगोलाच्या बाई माहीतपण नाहीत गं!"

टिटवीनं मोबाइल तिच्या हातातून काढून घेतला.

"ताई, नंबर खरंच बदलला होतास ना? मी सांगू का बाबांना, एकदा तपासा म्हणून?"

"बाबांना?" टिटवी म्हणाली. "काका ते तुझे."

गोगलगाईनं ओठांवर हात ठेवला.

"कुणाला काही सांगू नकोस," टिटवी म्हणाली. "मी बघते. आत्ता बघते."

बाबांना सांगणं सोपं होतं. बाबा, मी मुद्दाम केलं. पाच शब्दही नाहीत. पण मग तो उजेड कायमचा विझला असता, आणि 'तिथे चूक नसते' हे वाक्य बाबांनी पुन्हा कधी उच्चारलं नसतं. त्यापेक्षा हे गुपचूप निस्तरावं. टेकडीच्या डब्यात शिरायचं, सोळाचा सतरा करायचा, डबा पुन्हा सुरू करायचा. वाटा सरळ होतील. मग बाकीचंही होईल. बाकीचं म्हणजे काय, याचा विचार तिनं केला नाही.

लॅपटॉप घेऊन ती आतल्या खोलीत बसली आणि दार लोटलं. पुढच्या खोलीत बाबा परत आल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. गोगलगाय काहीतरी भराभरा सांगत होती, बाबा हसत होते.

अडचण एकच होती. नक्कल म्हणजे पूर्ण नक्कल. दोन्ही डब्यांचा पत्ता एक, नावही एकच, टाकी. तिनं हाक मारली तर ओ कोण देईल, याचा नेम नव्हता. वाट जिकडे वळलेली असेल, तो.

पण टिटवी कच्च्या गुरूची चेली नव्हती. टाकीवरचा डबा साध्या विजेवर चालायचा, अडॅप्टरमधून अठ्ठेचाळीस व्होल्टवर; टेकडीवरचा सौर बॅटरीवर, चोवीसवर. आत शिरल्यावर आधी व्होल्टेज बघायचं, मग हात लावायचा.

ती आत शिरली. स्क्रीनवर नाव आलं, टाकी. तिनं व्होल्टेज पाहिलं. चोवीस. बॅटरी. म्हणजे टेकडी.

तिनं श्वास सोडला. सोळा पुसलं. सतरा लिहिलं. 'पुन्हा सुरू करा' वर बोट ठेवलं आणि दाबलं.

दाबल्यावर वरचा आकडा बदललेला दिसला. अठ्ठेचाळीस.

वाचण्याच्या आणि दाबण्याच्या मध्ये कुठेतरी वाट वळली होती, आणि सतरा जाऊन पडला होता टाकीत.

ती ताडकन उठली आणि पुढच्या खोलीच्या दारात आली.

भिंतीवरच्या स्क्रीनवर टाकीचा ठिपका लाल झाला होता. बाकी सगळ्या रेघा पहिल्यांदाच स्थिर होत्या. लख्ख हिरव्या. टेकडीच्या ठिपक्याशेजारी लिहिलं होतं, सोळा.

"बघ, बसलं!" बाबा म्हणाले. ते टिटवीच्या खुर्चीकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड होता. "शाब्बास, टिटवे!"

खुर्चीतली मुलगी हसली. मनगटावर चंद्रकोरीचा डाग होता. जुना, पांढरा पडलेला.

टिटवीनं स्वतःचं मनगट पाहिलं. कातडी नितळ होती.

आई ट्रे घेऊन आली. ट्रेवर तीन कप.

"आई," टिटवी म्हणाली.

आईनं कप टेबलावर ठेवले.

"आई!"

बाबांनी कप उचलला. फुंकर घातली. खुर्चीतल्या मुलीनं बिनसाखरेच्या चहाचा घोट घेतला आणि भूगोलाच्या बाईंबद्दल काहीतरी सांगायला लागली.

"आई, मी आहे."

आई ट्रे काखेत धरून स्वयंपाकघराकडे निघाली. टिटवी वाटेतच उभी होती. जमिनीवर पाणी सांडलेलं असावं तसा आईनं तिच्या बाजूनं वळसा घातला आणि बोलण्याकडे कान देत पुढे गेली.

तीन झाल्या.

टिटवीनं तोंड उघडलं आणि मिटलं. चौथी हाक तिच्या जिभेवर होती. ती फुकट गेली तर पुढे काय, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. भिंतीवर लाल ठिपका लुकलुकत होता. तिनं सगळा जीव गोळा केला. 'आई' म्हणायला ओठ उघडले आणि बाहेर आला तो आवाज इतका बारीक होता की तिचा तिलाच ऐकायला वाकावं लागलं असतं.

"आत्या."

स्क्रीनवर टाकीचा ठिपका हिरवा झाला. शेजारी आकडा उमटला, सतरा.

आई लगेच वळली. हातातलं काम टाकून, तोंडभर हसत.

"ये ना बाळ," ती म्हणाली, "अशी परक्यासारखी दारात काय उभी?"